रिकाम्या वेष्टनाचा पुढचा पत्ता

वेष्टनाचे पहिले काम आतला माल राखणे. पर्यावरणाचा विचार त्यानंतर सुरू होतो, आणि ही क्रमवारी उलटी केली की दोन्ही बिघडतात. चकली सादळते ती बाष्प आत शिरल्यामुळे. चिवडा खवट होतो तो त्यातल्या तेलाचा प्राणवायूशी संयोग झाल्यामुळे. लाडू फुटतो तो खोका कुरिअरच्या गाडीत आपटल्यामुळे. एकाच फराळाच्या डब्यातले हे तीन वेगळे शत्रू आहेत आणि प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा असतो. साधा कागद बाष्प अडवत नाही. पॉलिथिन बाष्प अडवते, पण प्राणवायूला फारसे रोखत नाही. पॉलिएस्टर प्राणवायू बऱ्यापैकी अडवते. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर बाष्प, प्राणवायू आणि उजेड तिन्ही अडवतो, पण धक्क्यापुढे त्याचा उपयोग नाही. तिथे जाड पुठ्ठाच लागतो.

घरगुती उद्योगातून निघणारा एक किलो चिवडा घेतला, तर त्यामागे पोह्यांसाठी पिकलेले भात, शेंगदाणे, तेल, भट्टीचा गॅस आणि माणसांचे श्रम असतात. त्याची पिशवी भरते जेमतेम काही ग्रॅम. पर्यावरणावरचा भार मोजायचा झाला तर तो बहुतेक वेळा पिशवीपेक्षा आतल्या पदार्थाचाच कितीतरी जास्त निघतो. म्हणून प्लास्टिकची पिशवी काढून खाकी कागदाची लावली आणि आठ दिवसांत चिवडा टाकून द्यावा लागला, तर कचरा कमी झाला असे म्हणता येत नाही. खाकी रंग ‘हिरवा’ दिसतो, एवढाच काय तो फायदा. ताज्या, दोन दिवसांत संपणाऱ्या मालाला मात्र कागद पुरतो. पाव, बिस्किटे, मिठाई यांना तीन महिने टिकणाऱ्या थरांची गरजच नसते. माल किती दिवस टिकायला हवा हे ठरल्याशिवाय कोणते वेष्टन चांगले, या प्रश्नाला उत्तर नाही.

हे ठरले की मग खरा प्रश्न येतो. बाजारात तो सहसा असा विचारला जातो: प्लास्टिक की कागद, काच की पत्रा, कापड की ताग? प्रश्न पदार्थाचा आहे असे धरून चालले की उत्तर चुकते. वेष्टन रिकामे झाल्यावर ते नेमके कुठे जाणार, हे विचारले की उत्तर सापडू लागते. रिकाम्या वेष्टनाला तीन धड वाटा आहेत. ते परत येऊन पुन्हा भरले जाते, भंगारात जाऊन वितळते किंवा लगद्यात मिसळते, नाहीतर मातीत कुजते. यातली कोणतीच वाट त्या गावात, त्या ग्राहकाच्या दारात उपलब्ध नसेल, तर चौथी वाट आपोआप मिळते: कचरा डेपो, नाला किंवा जाळ.

परत येणारे वेष्टन

परत येणाऱ्या वेष्टनाचे सर्वांत जुने आणि चोख चालणारे उदाहरण मुंबईत आहे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था जेवण पोचवते, हे सगळ्यांना ठाऊक असते. ती रिकामा डबाही त्याच दिवशी घरी आणून देते, याकडे फारसे लक्ष जात नाही. डबा वर्षानुवर्षे टिकतो, कारण तो रोज त्याच दारातून निघतो आणि त्याच दारात परततो. ने-आण करणारा माणूस ओळखीचा असतो आणि परतीच्या फेरीसाठी त्याला वेगळे यावे लागत नाही. पुनर्वापराचे यश या सोयींवर उभे असते. डबा स्टीलचा आहे की अ‍ॅल्युमिनियमचा, ही दुय्यम गोष्ट आहे.

मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून मिळे त्या काळी हेच तत्त्व लागू होते. रिकामी बाटली केंद्रावर द्यायची, भरलेली घ्यायची. पुढे पॉलिथिनच्या पिशव्या आल्या आणि बाटल्या गेल्या. यात ग्राहकांच्या आळसाला दोष देण्यात अर्थ नाही. पिशवीला धुण्याचा कारखाना लागत नव्हता, परतीच्या गाडीत काचेचे ओझे वाहावे लागत नव्हते, फुटतुटीचा हिशेब नव्हता. दूध संघांच्या दृष्टीने हिशेब पिशवीच्या बाजूने गेला, कारण पिशवीच्या कचऱ्याचा खर्च त्या हिशेबात धरलाच नव्हता.

जिथे व्यवहार धंद्या-धंद्यात होतो, तिथे परतीचे वेष्टन आजही सहज चालते. पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगावच्या बाजारात टोमॅटो प्लास्टिकच्या क्रेटमध्ये येतात आणि क्रेट पुन्हा शेतावर जातात. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात सुटे भाग पुरवणारे कारखाने आपला माल मोठ्या कंपनीच्या जोडणी विभागात परतीच्या बिनमधून पाठवतात. माल उतरवलेली गाडी रिकामे बिन घेऊन मागे फिरते. रोजची फेरी, ठरलेला पत्ता आणि कमी अंतर ही डबेवाल्यांचीच सूत्रे इथेही आहेत. ज्या उद्योगाचा बराच माल दुकानदारांना, हॉटेलांना किंवा कारखान्यांना जातो, त्याने सुरुवात इथून करावी. घरगुती ग्राहकाकडून वेष्टन परत मिळवणे त्याच्या दसपट अवघड असते.

नेमके हेच विसरून चूक होते. नागपूरच्या एका ग्राहकाला एकदाच पाठवायच्या मसाल्यासाठी देखणा पत्र्याचा डबा वापरला, तर तो परत येत नाही. ग्राहकाने त्यात हरभऱ्याची डाळ भरून ठेवली तर उत्तम, पण तिसऱ्या डब्यानंतर त्याच्या फडताळातही जागा उरत नाही. मग तो डबा म्हणजे फक्त जड, एकदाच वापरलेले वेष्टन होते. कापडी पिशवीचेही तसेच. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने सुती पिशवी एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला ती १३१ वेळा वापरावी लागते, असे निघाले. कागदी पिशवीसाठी हा आकडा ३ होता. कापूस पिकवायला, सूत काढायला आणि कापड रंगवायला लागणारे पाणी, खत आणि वीज या आकड्यामागे आहे. हा हिशेब हवामानापुरता आहे. नाल्यात अडकणाऱ्या पिशवीचा त्रास त्यात मोजलेला नाही. तरी दर प्रदर्शनात, दर लग्नात नवी कापडी पिशवी वाटणाऱ्या दुकानदाराने हा हिशेब लक्षात ठेवायला हवा. भाजीला रोज नेली जाणारी जुनी पिशवी चांगली. कपाटात घडी घालून ठेवलेली चाळिसावी पिशवी नाही.

काचेच्या बरणीबाबतही हाच निकष. काच वितळवायला सुमारे १५०० अंश तापमान लागते, आणि लोणच्याच्या बरणीचे वजन तेवढ्याच मापाच्या प्लास्टिक बरणीच्या कित्येक पट असते. ते वजन ट्रकमध्ये डिझेल खाते. बरणी दहा-वीस वेळा भरली जाणार असेल तर काच जिंकते. रत्नागिरीहून दिल्लीला एकदाच जाणार असेल तर बहुधा हरते.

भंगाराचा भाव

पुनर्चक्रण होऊ शकते असे वेष्टनावर छापणे सोपे आहे. ते प्रत्यक्षात होईल का, हे भारतात यंत्रे ठरवत नाहीत. कचरावेचक, रद्दीवाला आणि भंगाराचा घाऊक व्यापारी ठरवतात. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या नावातच काय उचलले जाते याची यादी आहे. त्याच चळवळीतून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईत धारावीतल्या तेरा कंपाऊंडमध्ये देशभरचे प्लास्टिक रंग आणि जातीनुसार वेगळे होते. जी वस्तू किलोमागे भाव मिळवते ती उचलली जाते. जिला भाव नाही ती तशीच पडून राहते. वेष्टन निवडणाऱ्या उद्योजकाने डिझायनरकडे जाण्याआधी आपल्या गावातल्या रद्दीवाल्याला एक नमुना दाखवावा. दोन मिनिटांत उत्तर मिळते.

पाण्याची पारदर्शक पेट बाटली विकली जाते, कारण तिच्यापासून पॉलिएस्टरचा धागा निघतो. शाम्पूच्या जाड बाटल्यांचे एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिथिन), डब्यांचे पॉलिप्रॉपिलीन आणि पुठ्ठा यांनाही भाव असतो. दुधाची पिशवी कमी घनतेच्या पॉलिथिनची, एकाच जातीची आणि चांगल्या प्रतीची असते, म्हणून धुऊन वाळवून जमवली तर रद्दीवाला ती वेगळी विकत घेतो. इथेच एका छोट्या सवयीने घोटाळा होतो. पिशवी उघडताना कोपरा कात्रीने पूर्ण कापला जातो, आणि तो बोटभर त्रिकोणी तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. ओट्यावरून मोरीत, मोरीतून गटारात. कोपरा अर्धवट कापून पिशवीलाच लटकता ठेवला तर तो पिशवीबरोबर जातो. महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये विधानसभेत सांगितले की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात आणि त्यांचा रोजचा कचरा ३१ टन होतो. रिकामी पिशवी परत केल्यास ५० पैसे द्यायची योजनाही तेव्हा मांडली गेली. पिशवी मुळात बरीच चांगली आहे. अडते ते तिच्या परतीच्या साखळीपाशी.

वेफर्सच्या पाकिटाची गोष्ट उलटी. त्यात पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर, अ‍ॅल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर आणि पॉलिथिन एकमेकांना चिकटवलेले असतात. राखणीचे काम ते अप्रतिम करते, पण थर सोडवणे परवडत नाही आणि पाकीट इतके हलके असते की किलोभर जमवायला कचरावेचकाचा निम्मा दिवस जावा. थर्माकोलचे दुखणेही वजनाचेच. त्यात बहुतांश हवा असते, त्यामुळे ट्रक भरतो पण भंगार भरत नाही. पेयांच्या कागदी खोक्यात साधारण तीन चतुर्थांश कागद, वीसेक टक्के पॉलिथिन आणि पाचेक टक्के अ‍ॅल्युमिनियम असते. लगद्याची खास सोय असलेल्या कारखान्यात त्यातला कागद वेगळा काढता येतो, पण ते खोके तिथवर गोळा होऊन पोचले तरच.

अनेक थरांऐवजी एकाच जातीच्या प्लास्टिकचे वेष्टन, हा सध्याचा सर्वांत कामाचा तोडगा आहे. पिशवी पूर्ण पॉलिथिनची किंवा पूर्ण पॉलिप्रॉपिलीनची करायची आणि प्राणवायू अडवणारा थर अगदी नाममात्र ठेवायचा. मसाले, भाजणी, सुकामेवा यांना अशा पिशव्या पुष्कळदा पुरतात. कॉफी किंवा खूप तेलकट पदार्थाला दीर्घ मुदत हवी असेल तर अजून अडचण येते. तिथे पिशवी बदलण्यापेक्षा मुदत कमी करून माल वारंवार बनवणे छोट्या उद्योगाला जास्त जमते.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीच वेष्टनाचा भाव पाडतात. पारदर्शक पेट बाटलीवर पीव्हीसीचे आवरण चढवले की बाटली वितळवताना पीव्हीसी मिसळते आणि पेट पिवळट, ठिसूळ होते. रंगीत पेटला पारदर्शकापेक्षा कमी भाव मिळतो; २०२२ मध्ये अमेरिकेत स्प्राइटने आपली ओळख झालेली हिरवी बाटली सोडून पारदर्शक बाटली घेतली, ती याच कारणाने. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला चकचकीत प्लास्टिकचे लॅमिनेशन आणि खिडकी लावली की तो पुठ्ठाही राहत नाही आणि प्लास्टिकही होत नाही. कागदाचा तंतू साधारण पाच ते सात वेळा लगद्यात परत जाऊ शकतो, दर वेळी थोडा आखूड होत. त्यावर तेल सांडले किंवा थर चढवला तर तो पहिल्याच फेरीत बाद होतो. लॅमिनेशनऐवजी पाण्यावर आधारित वॉर्निश आणि खिडकीऐवजी बाहेर छापलेले चित्र, एवढ्याने खोक्याचा भाव परत येतो.

चहाच्या कागदी कपाला आतून पॉलिथिनचा थर असतो, म्हणून तोही कागदाच्या रद्दीत घेतला जात नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवले तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. बाजारात मिळणारी नॉन-वोव्हन पिशवीही अशीच फसवी. हाताला कापडासारखी लागते, पण ती पॉलिप्रॉपिलीनची असते.

कुजणारे आणि कुजल्यासारखे वाटणारे

पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण हे महाराष्ट्राचे मूळचे एकदाच वापरायचे वेष्टन. जेवण झाले की उकिरड्यावर टाकायचे, महिन्या-दोन महिन्यांत माती. कोकणात आणि गोव्यात पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, विरी (पानाच्या बुडाचा रुंद भाग) दाबून ताटे बनतात. विरी आपोआप गळते. झाड तोडावे लागत नाही, रसायन लागत नाही. म्हणून विरीच्या ताटांची निर्यातही वाढली. पण २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुपारीच्या पानाची भांडी अन्नासाठी वापरण्यास तिथे मान्यता नसल्याचे जाहीर केले, कारण सुपारीच्या झाडातले अल्कलॉइड अन्नात उतरण्याची भीती त्यांना वाटते. इथल्या पंगतीत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली वस्तू परदेशी बाजारात कागदपत्रांशिवाय चालत नाही, हे निर्यातदाराला आधी माहीत हवे.

उसाच्या चिपाडापासून बनणारी थाळी आणि डबा साखरेच्या या राज्यात स्वाभाविक निवड आहे. चिपाड कारखान्यात मुबलक असते, लगदा साच्यात दाबून गरम केला की भांडे तयार. विचारायचा प्रश्न एकच: आमटी, तेल झिरपू नये म्हणून त्यात काय मिसळले आहे? जगभर अशा भांड्यांत फ्लोरिनयुक्त पीएफएएस रसायने वापरली गेली. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. अमेरिकेत अन्नाच्या कागदी वेष्टनातला त्यांचा वापर थांबल्याचे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये जाहीर केले. खरेदी करताना पुरवठादाराकडून पीएफएएस नसल्याचा तपासणी अहवाल मागणे, हे हिरवे पान छापलेल्या शिक्क्यापेक्षा जास्त उपयोगी.

सर्वांत मोठा गोंधळ ‘कंपोस्टेबल’ प्लास्टिकचा आहे. मक्याच्या स्टार्चपासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, दिसायला पेटसारखेच असते. ते कुजते, पण घरामागच्या खड्ड्यात नाही. त्याला ५८ अंशांच्या आसपास तापमान सतत राखणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. भारतीय मानक आयएस १७०८८ अशाच नियंत्रित परिस्थितीतल्या चाचणीवर आधारलेले आहे, आणि विक्रीपूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. शहरात असा प्रकल्प नसेल, किंवा असून तिथे पिशव्या वेगळ्या घेतल्या जात नसतील, तर ही महागडी पिशवी कचरा डेपोत साध्या पिशवीसारखीच पडून राहते. त्याहून वाईट म्हणजे ती पेटच्या भंगारात मिसळली तर पेटचा पूर्ण लॉट खराब करते; दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे साध्या टाकीत वेगळी होत नाहीत. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ पिशव्या तर कुजतही नाहीत. त्यांचे फक्त बारीक तुकडे होतात. युरोपीय संघाने त्यांच्यावर २०२१ पासून बंदी घातली आहे. कंपोस्टेबल प्लास्टिकला एकच जागा खरोखर शोभते: जिथे वेष्टन ओल्या कचऱ्याबरोबरच जाणार आहे आणि तो कचरा एकाच ठिकाणी कुजवला जातो, उदाहरणार्थ स्वतःचा कंपोस्ट प्रकल्प असलेली कंपनीची खानावळ.

खोक्यातली हवा

वेष्टन कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि त्याला नवे तंत्रज्ञान लागत नाही. ऑनलाइन विकणाऱ्या बहुतेक छोट्या उद्योगांकडे दोन किंवा तीन मापांचे खोके असतात. माल लहान असला तर उरलेली जागा बबलच्या फुग्यांनी भरली जाते. हवाई कुरिअरचा दर आकारमानावरूनही ठरतो: लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००, हे रूढ सूत्र. ३० × २५ × २० सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन ३ किलो धरले जाते, मग आत अर्धा किलो लाडू का असेनात. तेच लाडू २० × १५ × १० च्या खोक्यात बसले तर हिशेब ०.६ किलोवर येतो. युरोपीय संघाच्या २०२५ च्या नव्या वेष्टन नियमावलीत ऑनलाइन विक्रीच्या खोक्यात २०३० पासून निम्म्याहून जास्त जागा रिकामी ठेवता येणार नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यातही गरजेपेक्षा जास्त प्लाय घेण्याची सवय असते. पाच प्लायचा खोका भक्कम दिसतो, पण तीन प्लायचा योग्य जीएसएमचा (दर चौरस मीटर वजनाचा) आणि मालाला नेमका बसणारा खोका हलक्या मालाला पुरतो. खात्रीसाठी भरलेला खोका कमरेइतक्या उंचीवरून सगळ्या कोपऱ्यांवर टाकून पाहावा. प्रयोगशाळेतली पाडून पाहण्याची चाचणीही याच धर्तीची असते. भरावासाठी जुन्या कागदाच्या चिंध्या किंवा जाळीदार कागद चालतो. हापूसच्या पेटीत भाताचा पेंढा अजूनही वापरतात, तो धक्का सोसतो आणि हवाही खेळती ठेवतो. पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या टेपऐवजी पाण्याने चिकटणारी कागदी टेप लावली की खोका जसाच्या तसा रद्दीत जातो.

एक वेष्टन मात्र पूर्ण टाळायला हवे: वर्तमानपत्राची पुडी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी छापील वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई केली आहे. शाईतले पदार्थ गरम, तेलकट भज्यांत सहज उतरतात.

नियमांची चौकट

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या नाल्यांतल्या पिशव्या सगळ्यांच्या डोळ्यांवर आल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याखाली महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी जाहीर केली. २३ जूनपासून दंड सुरू झाले. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्यानंतर अधिसूचनेत इतक्या वेळा दुरुस्त्या झाल्या की दुकानदाराने नेमके काय चालते हे छापील पत्रकावरून नव्हे, तर दर वर्षी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून तपासून घ्यावे.

केंद्राच्या नियमांनी देशभर १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, थाळ्या, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळली जाणारी फिल्म अशा वस्तू बंद केल्या. दुकानातली प्लास्टिक पिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन जाडीची असावी लागते. पातळ पिशवी कोणी उचलत नाही आणि जाड पिशवीला भाव मिळतो, हे त्यामागचे कारण.

केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे विकलेल्या वेष्टनाच्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचे बंधन, चार गटांत मांडली: कडक प्लास्टिक, लवचिक प्लास्टिक, अनेक थरांचे वेष्टन आणि कंपोस्टेबल प्लास्टिक. कडक प्लास्टिकमध्ये पुनर्चक्रित प्लास्टिकचे प्रमाण २०२५-२६ साठी ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के ठरवले गेले. स्वतःच्या नावाने माल विकणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना या जबाबदारीतून वगळले आहे. मोठ्या साखळी दुकानांना माल पुरवणाऱ्या बचत गटाला तरीही ती पाळणाऱ्या खरेदीदाराच्या अटींना तोंड द्यावेच लागते.

वेष्टनावर काय लिहायचे, हेही आता मोकळे राहिलेले नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘पर्यावरणपूरक’, ‘हिरवे’, ‘नैसर्गिक’ असे मोघम दावे पुराव्याशिवाय करता येत नाहीत. ‘पुनर्चक्रणयोग्य’ असे लिहिताना तो दावा पूर्ण वेष्टनाचा आहे की फक्त झाकणाचा, हे सांगावे लागते. ग्राहकाला उपयोगी पडते ते वेगळेच: ‘पिशवी धुऊन सुक्या कचऱ्यात’, ‘लेबल काढून बाटली रद्दीत’ अशी एका ओळीची सूचना, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात.

द्राक्षांची पेटी

हे सगळे निकष एकाच वेळी कुठे आदळतात ते नाशिकच्या द्राक्षांत दिसते. युरोपला जाणारे द्राक्ष बहुधा अर्ध्या किलोच्या पारदर्शक पेटच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या झाकणाच्या डब्यात, भरले जाते. असे पनेट पुठ्ठ्याच्या पेटीत मांडले जातात. पेटीच्या आत प्लास्टिकचे अस्तर, खाली धक्का सोसणारा बबलचा कागद आणि वर ग्रेप गार्ड नावाचा कागद. ग्रेप गार्डमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असते; द्राक्षातून सुटणारी ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडतो आणि करड्या बुरशीला रोखतो. पेट्या लाकडी पॅलेटवर रचल्या जातात, आणि कीड जाऊ नये म्हणून त्या लाकडाचा गाभा आंतरराष्ट्रीय नियमानुसार ५६ अंशांवर निदान ३० मिनिटे तापवलेला असावा लागतो. मग शून्य अंशाजवळच्या तापमानात कंटेनर न्हावा शेवाहून निघतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि वेष्टनाला द्राक्ष आणखी जास्त दिवस राखावे लागले.

युरोपच्या नव्या नियमावलीनुसार दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ताज्या फळांना आणि भाज्यांना २०३० पासून एकदाच वापरायचे प्लास्टिक वेष्टन बंद होणार आहे. पाणी उडून जाणे, बुरशी किंवा धक्का यांपासून बचावासाठी ते आवश्यक असल्याचे दिसले तर सवलतीची तरतूद आहे, आणि द्राक्ष त्यात बसेल का, हा निर्यातदारांच्या दृष्टीने लाखमोलाचा प्रश्न. तोवर तीन पर्याय समोर आहेत. झाकणाऐवजी पनेटवर पातळ फिल्म सील केली तर प्लास्टिक लक्षणीय कमी होते, पण सील करणारे यंत्र पॅकहाऊसमध्ये आणावे लागते. पुनर्चक्रित पेटचे पनेट वापरले तर माल तसाच टिकतो, बाहेरून काहीच बदलत नाही. पुठ्ठ्याचा पनेट दिसायला सर्वांत शोभतो, मात्र थंड कंटेनर उघडल्यावर त्यावर दव धरते आणि पुठ्ठा नरम पडतो. म्हणून त्याला आतून थर द्यावा लागतो, आणि थर दिला की तो कागदाच्या रद्दीत जाईल का, हा जुना प्रश्न युरोपात रॉटरडॅम बंदरात पुन्हा उभा राहतो. निवड बहुतेक वेळा युरोपातला खरेदीदार करतो. पॅकहाऊसच्या हातात असते ती चाचणी: त्याच बागेचे, त्याच दिवशी तोडलेले द्राक्ष तिन्ही पनेटमध्ये भरून एकाच कंटेनरमध्ये पाठवायचे, आणि पोचल्यावर प्रत्येक पनेटमधले गळलेले मणी, सुकलेले देठ आणि बुरशी लागलेले घड वेगवेगळे मोजायचे.